पांढऱ्यावर काळं

गेल्या हिवाळ्यात मी काळी बिअर केली होती.
करपेपर्यंत भाजलेलं जव, काकवी, वर ओकच्या ढलप्या;
चमचा उभा राहील इतकी दाट.
सगळे म्हणाले, "वा, इम्पी!"
व्हर्ना ट्रेझोना म्हणाली, "काहीतरी वेगळंच आहे हं."
आणि मग पेले घेऊन
एकेक जण हवा खायला बाहेर गेला,
अंगावरची लोकर गोठेल अशा थंडीत.

सकाळी सौनाच्या मागे लाकडं आणायला गेले,
तर बर्फात अकरा भोकं.
तपकिरी, कडेला फेसाची जाळी गोठलेली.
तोंडावर कुणी बोललं नव्हतं,
पण लेखी दिलं होतं सगळ्यांनी,
पांढऱ्यावर काळं.

म्हणून यंदा ऑक्टोबरातच वही घेऊन बसले.
गव्हाची करावी? व्हर्नाचं पोट फुगतं.
कडवट? कडू म्हटलं की लेम्पी
पहिल्या नवऱ्याची गोष्ट काढते.
लवंगेच्या वासाची एक असते बेल्जियमकडची,
ती हुंगून डेलला दाताचा डॉक्टर आठवतो.
आणि सुलो.
वीस वर्षं रस्त्यावरचा बर्फ ढकलणारा सुलो,
त्याला डब्यातलीच लागते,
जिला चव आहे असं
कोर्टात शपथेवर सांगता येणार नाही, ती.

जनाची करायची की मनाची?
मनाची करून झाली होती.
अकरा भोकं मीच मोजली होती.

तर मग फिकी लागर.
जव, मक्याचे पोहे, हॉप्स नावापुरते.
वाटलं, यात काय अवघड?

काळीत सगळं खपतं हो.
करपलं, आंबलं, विसरलं, तरी लोक म्हणतात, खोल आहे.
फिकीच्या पोटात काही राहत नाही.
नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, नीट न धुतलेली नळी,
मंगळवारी केलेली घाई,
सगळं ती पेल्यात आणून ठेवते.
जुन्या तांब्याच्या खाणीमागे झरा आहे,
तिथून चार कॅन पाणी आणलं,
दोनदा घसरून पडले.

तळघरात, बटाट्यांच्या फळीखाली ठेवली.
यीस्ट दोन दिवस गप्प.
तिसऱ्या रात्री एक बुडबुडा,
जिन्यावर बसून मी दुसऱ्याची वाट पाहिली.
मग लाकडांच्या खोपटात, जुन्या रजईत गुंडाळून,
सहा आठवडे.

चाखली. पावाच्या कडेसारखी,
आणि त्यानंतर काहीच नाही.
धस्स झालं.
एवढा खटाटोप करून मी पाणीच केलं होतं की काय?

फेब्रुवारीतला शनिवार. खाडी गोठलेली,
मासे धरून सगळे सौनात, मग स्वयंपाकघरात.
सुलोने पहिला पेला संपवला, बोलला नाही.
दुसरा. तिसरा.
चौथ्याला त्याने भावाबद्दल सांगितलं,
बुडालेल्या.
सुलोला भाऊ होता हे आम्हाला माहीतच नव्हतं.
व्हर्नाने त्याचा पेला भरला, न विचारता.
बिअरबद्दल रात्रभर
कुणी अक्षर काढलं नाही.

सकाळी सौनाच्या मागे गेले.
बर्फ कोरा.
नाही, कुंपणाशी एक डाग होता, फिकट पिवळा.
ओतलेली की प्यायलेली,
रंगावरून सांगता येईना.
वाकून वास घ्यावा असं आलं मनात.
मग लाकडं उचलली
आणि आत आले.