कात

नवरात्र संपलं. उरलेल्या चणियाचोळ्यांचा ढीग हलवला,
तर शिलाई मशीनच्या मागे, पायट्याला वळसा घालून
पडलेली होती ती,
फुंकरीनंही सरकेल इतकी हलकी.

शेजारच्या रंजनबेन दारातूनच म्हणाल्या, काळोतरो.
म्हणजे आपली मण्यार.
त्यांच्या सुनेनं मीठ आणलं, कुणी फिनेल.
वॉचमन काठी घेऊन आला
आणि कुणाला मारायचं ते विचारू लागला.

मी ध्रुमिलला फोटो पाठवला.
शाळेची पँट माझ्याकडून लांब करून न्यायचा,
आता बारावीत. त्यांची एक टोळी आहे,
वडसरपासून डभोईपर्यंत ज्याला जे दिसेल
ते एकमेकांना दाखवतात, पिसं, पावलं, लेंड्यासुद्धा,
आणि नाव ठरेपर्यंत जेवत नाहीत.

उत्तर आलं: मासी, गभराशो नहीं. गणो.
अंगाच्या मध्यावर खवल्यांच्या ओळी किती?
कण्यावरचे खवले मोठे आहेत का, षटकोनी?
शेपटीखाली एकेरी की जोडीनं?

आता मोजण्यातच माझी तीस वर्षं गेली.
काळं अस्तर अंथरलं, सुई ओवायचं भिंग घेतलं.
टेप लावली: साडेसतरा इंच.
तो म्हणाला, कात ताणली जाते, साप त्याहून आखूड.
ते मला सांगायला नको.
कापडाचं माप आणि माणसाचं माप कधी एक असतं?

मग दिसलं, ती उलटी होती.
बाही ओढून काढावी तसा
तोंडाकडून सुरू करून तो स्वतःतून निघून गेला होता,
डोळ्यांवरच्या काचासुद्धा मागे ठेवून.
दोन टिकल्या. त्यांतून मला अस्तर दिसत होतं.

सतरा.
पुन्हा मोजल्या. सतरा.
कण्यावरचे बाकीच्यांसारखेच.
शेपटीखाली जोडी जोडी, थेट टोकापर्यंत,
जशी हुकांची पट्टी.

बराच वेळ काही नाही.
रंजनबेन पायरीवर बसून माळ ओढत होत्या.
वाघोडियाच्या कुणी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कवड्या.
फतेगंजचे जॉर्ज अंकल आधी म्हणाले मण्यार,
मग शेपटीचा फोटो मोठा करून पाहिला,
म्हणाले, माफ करा, चष्मा नव्हता. कवड्याच.
रात्रीचा हिंडतो, पाली खातो, विष नाही.
मण्यारीला बहुतेक पंधरा ओळी असतात, ध्रुमिलनं सांगितलं.

दोन ओळींचा फरक.
एवढ्यासाठी मी बायकांचे ब्लाऊज उसवून दिलेत.

मग नोंद झाली: कुमुद मोहिते, मांजलपूर, तारीख, वेळ.
खाली एक रकाना: साप पाहिला?
नाही, लिहिलं. मोजला.

वॉचमन चहा पिऊन गेला, काठी इथेच विसरला.
रंजनबेनना अजून पटलेलं नाही,
मीठ उंबऱ्यावर तसंच आहे.

रात्री मशीनवर कव्हर घातलं
आणि घड्याळामागे पाल चुकचुकली.
रोजच्यासारखं कृष्ण कृष्ण म्हणायला
बोट टेबलावर टेकलं होतं,
पण तोंडातून निघालं,
अगं, हळू.