कसर

रात्री अडीचला तिनं न्हाणीघराचा दिवा लावला
आणि फरशीवर काहीतरी सांडलं,
पारा सांडावा तसं.
पण पारा असा अंधाराकडे पळत नाही.

ओडलाउग ट्वेट, वय एक्क्याऐंशी,
बर्गनच्या उतारावर तिसरा मजला,
एक पाय सपातेत, एक गार फरशीवर.
म्हणाली, बरं. म्हणजे तुम्हीही राहता इथं.

आई, कशाला हात लावू नकोस, मारित फोनवर म्हणाली,
मेमध्ये घर दाखवायचंय लोकांना.
माणूस पाठवते.

हाल्वरनं बूट दाराशी काढले.
चिकट पुठ्ठे सरकवले बेसिनखाली, कपाटामागे, उंबऱ्याशी,
प्रत्येकावर पेन्सिलीनं तारीख.
पंधरा दिवस, म्हणाला. आणि खिडकी उघडत जा, ओल नको.
बाहेर पाऊस होता. बर्गनमध्ये असतोच.
ती काही बोलली नाही.

मग त्या पंधरा दिवसांत
जिथं पाहिलं नव्हतं तिथं तिनं पाहिलं.
वॉलपेपरच्या कडेला झालर,
आणि पलंगाखालच्या पेटीत त्याची पत्रं.
मालवाहू बोटीवर आचारी होता.
प्रेमापेक्षा बटाट्यांचा हिशेब जास्त,
किती पोती, किती सडले, कोणत्या बंदरात.
असल्या पिठूळ पत्रांना कसर लागायचीच.
मॉन्टेव्हिडिओच्या पाकिटावर
तिकीट नुसतं टेकलेलं, मागचा डिंक फस्त.
कागदाची वरची साय तेवढी खरवडलेली,
शाई जागोजागी उघडी पडलेली, हाडासारखी.
चौतीस वर्षं जे तिच्यानं उघडवलं नाही
ते कुणीतरी रात्री-रात्री बसून
ओळीनं चाटून काढलं होतं.

तिला राग यायला हवा होता.
तिनं पत्रं पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवली,
कॉडच्या तुकड्यांखाली.
थंडीनं अंडीसुद्धा मरतात, हाल्वर म्हणाला होता.
थंडीची सवय त्यालाही होतीच.

सोळाव्या दिवशी हाल्वर गुडघ्यांवर, डोळ्याला भिंग.
दोन जाती असतात बघा.
एक चांदीसारखी, आखूड शेपट्यांची, ओलीवर जगते.
घर कोरडं केलं की संपते.
दुसरी करडी, केसाळ, शेपट्या अंगाइतक्या लांब.
हिला कोरडंही चालतं.
पुठ्ठ्यावर सात होत्या.
तो मोजत राहिला, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ,
डॉक्टर एक्स-रे धरून राहतात तसा.
करडी आहे, म्हणाला.
विकताना लिहून द्यावं लागेल.

भिंतीच्या कडेनं त्यानं विषाचे थेंब लावून दाखवले,
टाचणीच्या डोक्याएवढे, वीतभर अंतरानं.
उरलेली नळी तिच्या हातात दिली.
महिन्यानं पुन्हा. मग पुन्हा.
वर्षभर तरी जाईल.

फोनवर मारित बराच वेळ गप्प होती.
मग या मेमध्ये नकोच, आई.
पुढच्या वर्षी बघू.
हो, ओडलाउग म्हणाली,
आवाज शक्य तितका पडका ठेवून.

महिना झाला. ती टॉर्च घेऊन खाली बसली,
एक हात गुडघ्यावर.
बेसिनखाली थेंब. उंबऱ्याशी थेंब.
कपाटामागे हात पुरत नव्हता, तरी पुरवला.
पलंगामागच्या भिंतीपाशी आली.
तिथं फटीत दोन मिशा हलल्या, थांबल्या.
तिनं टॉर्च विझवला.
नळीचं टोपण घट्ट लावलं, तारीख लिहिली,
आणि पुठ्ठ्यावर नोंद केली:
सगळं सांगितल्याप्रमाणे.

थोडी कसर ठेवून.