दोन वेढे

माझ्या हाताला माप नाही.
तीनशे वीस माणसं, तीन पातेली,
मिरचीपूड मी तसराळ्याने ओततो
आणि कुणी विचारलंच तर सांगतो, अंदाज.

सोहार बंदराच्या मागे आमचा कॅम्प.
रात्रपाळीवाले शेवटच्या खोल्यांत,
खिडक्यांना चंदेरी कागद चिकटवून दिवसा झोपतात.
हरेश्वर तांबडे, क्रेनवाला, वेळणेश्वरकडचा,
अकरा दिवस त्याच्या डोळ्याला डोळा नव्हता.
कागदाच्या फटीतून ऊन यायचं
करंगळीएवढं, नेमकं पापणीवर.

फोनवर आई म्हणाली, जायफळ घे की रे.
तान्हा होतास तेव्हा दोन वेढे द्यायचे उगाळून,
ओठावरचं दूध पुसायच्या आत झोपायचास.

दोन वेढे, म्हणजे सहाणेवर
दोनदाच गोल, हलक्या हाताने.
पाण्याला रंग आला न आला तेवढं औषध.
उरलेलं जायफळ कोरडं करून पुन्हा बटव्यात.
एका जायफळात तीन भावंडं वाढली, ती म्हणाली.

इथे सहाण कुठली.
बाजारात बलुची म्हाताऱ्याने जायफळं दिली ओंजळभर,
हरेश्वर ती घेऊन माझ्याकडे आला, मिक्सर मागायला.
मीच दिला. झाकणही मीच दाबून धरलं.
तीन जायफळं. आधी खडखड, मग घरघर,
आणि सगळ्या मेसभर पुरणाचा वास.
रांगेतल्या एकाने विचारलं, आज सण का कसला?

मिक्सर मिनिटाला किती वेढे घेतो
ते त्याच्या बुडाशी लिहिलेलं असतं.

तासभर काही नाही. दोन तास काही नाही.
तो म्हणाला, आपला कोठाच जड आहे,
आणि भांड्याला चिकटलेलं बोटाने चाटून घेतलं.
दुपारी तीनला दारात उभा राहिला,
डोळे लालभडक, जीभ टाळूला चिकटलेली.
छातीवर माझा हात नेऊन ठेवला त्याने.
आत कुणीतरी जिना उतरत होतं, पळत, पळत,
आणि जिना संपत नव्हता.

भिंत लांब गेली रे, म्हणाला.
मग म्हणाला, मी क्रेनवरच आहे ना अजून?
खाली माणसं आहेत, बाजूला कर त्यांना.

दवाखान्यात लिझम्मा सिस्टरने विचारलं, काय घेतलं.
मी म्हटलं, काही नाही, मसाला.
तिने पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं.
किती? मी तीन बोटं दाखवली.
तीन चिमटी? नाही.
तीन.

डॉक्टर बद्रिया मोडक्या हिंदीत म्हणाल्या,
आमच्या घरीही असतं, मच्छीच्या मसाल्यात,
आई नखावर घेऊन टाकते.
मग त्यांनी स्वतःच्या नखाकडे पाहिलं
आणि सलाइनचा वेग बदलला.

दोन रात्री आणि मधला दिवस
तो जागा नव्हता, झोपलेलाही नव्हता.
पगारातून दोन दिवस गेले, एक लेखी ताकीद आली.
आईचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होतो.
लागली ना रे झोप?
लागली, तो म्हणाला. छान लागली.

शुक्रवारी वाडीच्या कोरड्या पात्रातून
मी एक काळा दगड आणलाय, तळहाताएवढा, सपाट.
तो घेणार नाही आता, वासानेसुद्धा त्याला मळमळतं.
तरी ठेवलाय, मिठाच्या बरणीमागे.

दुपारी तसराळं उचललं आणि आठवलं,
कॅम्पच्या दुकानात सगळ्यात जास्त काय खपतं:
फोनचं रिचार्ज,
आणि त्या खालोखाल जळजळीचं गुलाबी औषध.
तसराळ्यातलं अर्धं मी डब्यात परत ओतलं.

संध्याकाळी तक्रारवहीत अकरा सह्या.
जेवणाला चव नाही.
सर्वांत वरची सही, वाकडी, इंग्रजी,
एच. तांबडे.