बोटभर

एइबारच्या उतारावरचा कारखाना रिकामा झाला.
उरला एक लेथ, दोन टनांचा,
डोक्याकडे जड; म्हणून कॅरेज पार मागे नेऊन
गार्बिन्येनं आवळून टाकली.

कोल्दो पहार घालतो.
“बोटभर उचल. लगेच पाचर. मग परत बोटभर.”
बोटभर म्हणजे किती, ते दाखवतो
डाव्या हाताच्या मधल्या बोटानं.
शेजारचं, अठ्ठ्याऐंशी साली,
अशाच एका लेथखाली राहिलं.

पाइपांवरून निघतो लेथ.
मागचा पाइप पुढे, पुन्हा मागचा पुढे,
दारापर्यंत पाऊण तास.
उताराच्या अंगाला कुणी उभं राहत नाही.

ट्रक गेल्यावर ती झाडू घेऊन आत येते.
चार बोल्टांची भोकं. लेथएवढा तेलाचा डाग.
त्याच्या कडेकडेनं झाडते,
आत पाय ठेवत नाही.