कळवू

"कळवू," म्हणाले ते. तिघं होते.
एकजण मोबाइलमध्ये, एकजण माझ्या चपलांकडे बघत,
आणि मेट्रन, चष्म्याची दोरी मानेवर,
ती तेवढी माझ्या कागदांकडे.
आज अकरावा दिवस.

वसमतला हळद शिजायलीय.
वाफ रानातून गल्लीपर्यंत येते,
दोरीवरच्या पांढऱ्या युनिफॉर्मला वास लागतो.
मी तो परत धुते. बोलावलं नाही कुणी, तरी धुते,
इस्त्री करते, घडी घालते,
घडी मोडून परत इस्त्री.

फोन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. रेंज तिथंच येते.
वाजतो.
कर्ज पाहिजे का, विचारते एक गोड आवाजाची पोरगी.
वाजतो.
गंगाखेडची मावसबहीण: काय झालं गं तुझं?
वाजतो.
शेषेरावकाकांची सून:
ताई, सलाईन संपायलंय, काढायला येता का?

रात्री मुलाखत पुन्हा होते.
पोटॅशियम कसं द्याल?
थेट शिरेत कधीच ढकलायचं नाही. बरोबर.
रक्त चढवायच्या आधी?
पेशंटचं नाव, पिशवीवरचा नंबर, दोघींनी मिळून बघायचं. बरोबर.
रात्रपाळी? चालेल.
लग्न?
चालेल, असंच तोंडून निघणार होतं.
मग मेट्रननं कागदावर बोट ठेवलं:
"इथं दीड वर्ष काहीच नाही?"
मी म्हणाले, घरगुती कारण.

घरगुती कारणाचं वजन बासष्ट किलो होतं.
उजवी बाजू गेलेली. बोलणं गेलेलं.
आप्पा.
दर दोन तासांनी कूस बदलायची,
रात्री एकला, तीनला, पाचला, गजर न लावता.
नळीतून पेज, नळीतून गोळ्या वाटून.
आई म्हणायची, टेक जराशी.
मी म्हणायचे, ड्युटीवर आहे.
दीड वर्षात पाठीवर एक फोड नाही.
शेवटची अंघोळ घालताना चुलते थबकले,
म्हणाले, कातडं बघा, लेकराचं असावं तसं.
त्याचं सर्टिफिकेट कुठल्या खिडकीवर मिळतं?

हे सांगायचं होतं.
सांगितलं असतं तर त्या रिकाम्या जागेवर
मेट्रनचं बोट जरा जास्त वेळ थांबलं असतं.
की नसतं.

नसीमाचा नंबर माझ्यानंतर होता.
तिलाही "कळवू".
स्टँडवर आम्ही उसाचा एक रस दोघींत घेतला,
लिंबू जास्त टाका म्हणालो, बर्फ नको म्हणालो.
जागा एकच आहे, हे कुणीच म्हणालं नाही.
त्या दिवसापासून ती फोन करत नाही. मी करत नाही.
लाइन मोकळी राहावी म्हणून, असं मी धरून चालते.

कळवू. किती साधा शब्द.
त्यातली कळ तेव्हा ऐकू आली नाही.
लेबर रूममध्ये बायांना म्हणायचो,
कळ काढ बाई, अजून थोडी कळ काढ.
म्हणायला काय जायचं आमचं.

आज दुपारी रुक्मिणआत्या आली,
उलट्यांनी पार वाळलेली, हातात डॉक्टरची चिठ्ठी.
ओसरीवर आडवी केली. बाटली खुंटीला टांगली.
शीर म्हणजे दोरा, तोही सरकणारा.
सुई टेकवली, आणि तिसऱ्या पायरीवर फोन.
"घे की गं," आत्या म्हणाली, "तुझ्या नोकरीचा असंल."
मी हलले नाही.
"कळ काढा," म्हणाले,
कुणाला, ते माहीत नाही.

रक्ताचा थेंब नळीत डोकावला. चिकटपट्टी लावली.
घड्याळ धरून थेंब मोजले, चाक थोडं कमी केलं.
तोवर फोन गप्प झाला होता.

लँडलाइनचा नंबर. कोड नांदेडचा.
आधी सुई डब्यात टाकली.
मग मोरीवर हात धुतले,
तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, मनगटं,
शिकवलं होतं त्याच क्रमानं,
एकही पायरी न गाळता.