स्थिर आकार

नीलम नगराच्या मागच्या तिसऱ्या गल्लीत
मी एकोणीस वर्षं आकडे उतरवतोय.
दारावरची पाटी मी वाचत नाही.
मीटर वाचतो, आणि घर कळतं.

पूर्वी सोपं होतं.
बत्तीस घरं, बत्तीस थ्री-फेज,
आणि सकाळी सातपासून असा खडखडाट
की बाया काय म्हणतात
ते मी ओठांवरून ओळखायचो.
बिलं सारखी, उसनवारी सारखी,
लाईट गेली की सगळी गल्ली एकदम कट्ट्यावर.

आता एकाच खांबावरून
एक वायर जाते कलशेट्टी डॉक्टरांच्या चार एसींना,
एक दासरींच्या बंद घराला.
मुलगा हैदराबादला, आई-बाप त्याच्यापाशी,
फ्रीज मात्र चालू, कशासाठी कोण जाणे.
एक नदाफांच्या वरच्या मजल्यावर
नर्सिंगच्या सहा मुलींना;
त्या बिल सहांत वाटतात
आणि उरलेल्या एका रुपयावरून भांडून हसतात.
आणि एक, पुण्याच्या कंपनीचं काम
इथं बसून करणाऱ्या पोरीला.
तिचा पगार ऐकून माझ्या बायकोनं
चहात दुसऱ्यांदा साखर घातली.

पाणी मात्र सगळ्यांना पाचव्या दिवशी.
त्यात अजून कुणी पुढं गेलेलं नाही,
असं म्हणतो, आणि मग आठवतं,
डॉक्टरांनी बोअर मारलाय.

राजमणी येमूलचा मीटर शेवटचा.
माग सहा होते.
दोन गिऱ्हाईक बघून गेले, चार भंगारात, किलोवर.
तेव्हापासून आकडा हललेला नाही :
अठ्ठेचाळीस हजार दोनशे सोळा.
"कनेक्शन सोडा की मावशी,
नुसता स्थिर आकार भरायलाव."
विड्यांच्या सुपातून मान वर न करता ती म्हणते,
"माग गेले. मीटर राहू दे."
हजार विड्या वळल्या की जे हातात येतं
त्यातले किती दिवस बिलावरच्या त्या एका ओळीत जातात,
याचा मी एकदा हिशेब केला होता.
तिला सांगितला नाही.

या महिन्यात आकडा वेगळा.
मी बॅटरी मारून पुन्हा पाहिलं.
अकरा युनिट.

शेडचं दार अर्धं उघडं.
आत चार पोरं, ओडिशाची,
शाळेच्या खाकी चड्ड्या शिवत बसलेली,
कुठल्यातरी लांबच्या, केरळातल्या शाळेच्या.
भिंतीवर मागाच्या तेलाचे डाग तसेच.
त्यांच्यावरच खिळा ठोकून कॅलेंडर,
अक्षरं मला न लागणारी.

राजमणी उंबऱ्यात, चोरी पकडल्यासारखी :
"भाडं नाही घेतलं अजून.
पोरांना भात कमी पडतो."
मग थोड्या वेळानं,
"आवाज बारीक आहे यांचा.
तेवढ्यानं झोप लागत नाही."

पुढच्या महिन्यात नवे मीटर येणार.
ते आपला आकडा आपणच कळवतात म्हणे, वरच्यावर.
माझं काय, ते साहेबांनी अजून सांगितलं नाही.

तिचे अकरा युनिट
मी जरा सावकाश लिहिले.
तिनं दिलेला तांब्या
उभ्यानंच रिकामा केला.
चौथ्या दिवसाचं पाणी, माठातलं,
गार.