रीवर्क

येझदी मी किलोवर घेतली, राबोडीत.
भंगारवाला म्हणाला, मॅडम, हँडलसकट तोलू?
म्हटलं, सगळं तोल.
मोजण्याचंच खाल्लंय मी बत्तीस वर्षं,
वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा, गेज रूम.
अख्ख्या कंपनीत एसी त्या एकाच खोलीला,
तोही मापांसाठी.

सांगाडा खाली, पाण्याच्या टाकीशी, ताडपत्रीत.
इंजिन तेवढं वर आणलं तिसऱ्या मजल्यावर,
गोणपाटात, लेथवाल्या तांडेलच्या दोन पोरांनी,
प्रत्येक जिन्याला टेकत,
आजारी माणसाला खुर्चीतून नेतात तसं.
भाचा म्हणाला, मावशी, या वयात?
मी त्याला माळ्यावरचं इडलीपात्र काढायला लावलं.
सोळा खळगे. पहिल्यात कव्हरचे स्क्रू,
दुसऱ्यात वॉशर, तिसऱ्यात जे काय आहे ते.

डावं कव्हर सुटेना.
डिझेल सोडून रात्रभर ठेवलं.
सकाळी एकच टोला,
आणि स्क्रूने कुरकुरत मान वळवली.

आत गॅस्केट म्हणून लग्नपत्रिका.

कुणीतरी, कुठल्यातरी हायवेच्या कडेला,
जाड कार्ड धातूवर धरून
हातोडीच्या गोल डोक्याने कडेकडेने ठोकत कापलेली.
तेलात मुरून काचेसारखी झालेली.
खिडकीशी धरली तर वाचता येते:
आमचे येथे श्रीकृपेकरून,
मग कव्हरचं वळण, मग
चि. सौ. कां.
आणि बरोबर तिथे भोक.

शके १९०३. गोरज मुहूर्त.
नवऱ्याचं नाव शाबूत, त्याचं बी.कॉम.सुद्धा शाबूत.
तिच्या नावातून स्क्रू जायचा.
कापणारा घाईत असणार. तरी भोक गोल;
व्हर्नियर लावला, सव्वासहा, कुठूनही धरा.
असा हात आमच्या लाइनवर असता
तर मी न बघता पास केला असता.
खोटं कशाला बोलू, बघूनच.

सिलिंडर मात्र गोल राहिला नव्हता.
वर नऊ थाऊ खाल्लेला, खाली चार.
पद्माकर तांडेलने बोअर करून दिला.
त्याचं लेथ आमच्या जुन्या गेटासमोर;
गेटामागे आता काच, काचेत ढग.
म्हणाला, तुम्ही मोजणार म्हणून मी दोनदा मोजलं.
मी तिसऱ्यांदा मोजलं. बरोबर होतं.
चहा त्यानेच पाजला.

बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये, मटारच्या पिशवीला टेकून.
केस गॅसवर, मंद आचेवर, उलटसुलट करत.
पुस्तक म्हणतं शंभर अंश.
शंभर अंश सांगणारं यंत्र कंपनीबरोबर गेलं.
मी बोटं ओली करून शिंतोडा दिला:
थेंब बसून राहिला, थांब.
थेंब नाचत पळाला, आता.
हे आईचं शिक्षण. भाकरीचा तवा.
बेअरिंग सोडलं.
टप्.
ठोकावं लागलं नाही.
जे दीड-दोन थाऊ मी आयुष्यभर रकान्यात लिहिले
ते त्या दिवशी कानाने ऐकले.

येझदीला किक आणि गिअर एकच दांडा.
आत दाबून वर उचलला की किक,
पुढे पाडला की गिअर.
रविवारी कंपाउंडमध्ये सहा किका वाया.
सातवीला निळा धूर,
तळमजल्याच्या चौकेकरबाईंच्या पापडांवर सरळ.
त्या ओरडल्या, भाचा ओरडला, मीही ओरडले असेन.
मग इंजिन खोकलं आणि बसलं.

वहीत लिहिलं:
चालू, चाळीस सेकंद. धूर जास्त, मिश्रणात तेल कमी करणे.
पापड भरून देणे, दोन किलो.
डाव्या कव्हरला गळती नाही.
शेरा: रीवर्क.

नवं गॅस्केट शीटमधून कापलंय, नियमाप्रमाणे.
जुनं त्याच वहीत ठेवलंय.
पानांना तेल लागत चाललंय,
एकाचं दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला.
भोकाएवढी जागा तेवढी
प्रत्येक पानावर कोरडी.